नाय म्हनतात तवर बरं

बाय, तुला पहिल्यांदा नाकारलं तेव्हा तू खूश झाली होतीस. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाराव्याला आलेल्या बाया सांगत होत्या, जयवंती सरकाराशी भांडली, शेवटी आपला हक्क घेऊनच गेली. मी मान हलवत होते आणि ताटं वाढत होते. मनात म्हणत होते, तुम्हांला काय माहीत, हिला भांडायचंच नव्हतं.

जानेवारी होता. अंगणवाडीला सुट्टी टाकून मी तुला पालघरला नेलं होतं, अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे. सफाळ्यापर्यंत टमटममध्ये आपण दोघी एका शालीत बसलो, इतका गारठा होता. तू हिरवं पातळ नेसली होतीस आणि केसांत अबोलीचा गजरा. मी म्हटलं होतं, बाय, आज गजरा नको. तू विचारलंस, "का? अपंग बाईनं गजरा माळू नये असं लिवलंय का कुठं?" खरं कारण सांगायची मला लाज वाटली. मला वाटत होतं, तू थोडी केविलवाणी दिसावीस.

आत एक तरुण डॉक्टर होते. चांगले होते, उगाच कशाला खोटं बोलू. त्यांनी तुला चालायला सांगितलं, तू चाललीस. बोट नाकाला लावायला सांगितलं, लावलंस. मूठ घट्ट करा म्हणाले, तर तू त्यांचीच बोटं अशी दाबलीस की ते हसले. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला रडू येत होतं, कारण कित्येक महिन्यांत तू इतकी सरळ चालली नव्हतीस. मी मध्येच म्हटलं, "डॉक्टर, रोज असं नसतं. उन्हाळ्यात तर…" ते म्हणाले, "ताई, जे दिसतं तेच मला लिहावं लागतं."

चाळीस टक्के भरले असते तर पेन्शन होती, चाकाची खुर्ची होती, मुंबईच्या इस्पितळात जाण्यायेण्याची सवलत होती. तुझे चाळीसच्या आत भरले. दाखल्यावर लिहिलं होतं, तात्पुरते, सुधारण्याची शक्यता आहे. पेन्शनचा अर्ज त्याच कागदावर फेटाळला गेला. मी संतापले होते. तू मात्र तो कागद घेऊन ओटीवर बसलीस आणि माझ्या नवऱ्याला, दामूला, हाक मारलीस. "दामू, ए दामू, बग! सरकार म्हनतं मी बरी होनार हाय." त्या दिवशी तू स्वतः चुलीपुढे बसून बोंबील तळलेस, आणि माझ्या ताटात वाढताना म्हणालीस, "तोंड का पाडलंस, नंदा? नाय म्हनतात तवर बरं हाय."

तेव्हा मला तुझा फार राग आला होता. आता ते वाक्य आठवलं की हातातलं काम थांबतं.

मी मनोरकडची, डोंगराच्या पायथ्याची पोर. लग्न होऊन दातिवऱ्याला आले तेव्हा मला माशाचा काटा काढता येत नव्हता आणि ओल्या वाळूवर चालताही येत नव्हतं. तू तेव्हा बोईसरला होतीस. तारापूरच्या एमआयडीसीत बाटल्या भरायच्या एका कारखान्यात पॅकिंगला, चार बायांबरोबर खोली घेऊन राहायचीस आणि रविवारी घरी यायचीस. तुझ्या येण्याची मला धास्ती वाटायची. थोरली नणंद, कमावती, लग्न मोडून ताठ मानेनं परत आलेली. सगळं गाव तुझ्याशी जपून बोलायचं. पहिल्याच रविवारी तू माझ्या ताटातला मासा उचललास, काटे काढलेस आणि माझ्या सासूला म्हणालीस, "आये, ही डोंगरावरची हाय. हिला समिंदर शिकवायला वेळ लागंल. कुनी हसायचं नाय." कुणी हसलं नाही. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हाही दामूनं नको म्हटलं होतं, आणि तू बोईसरहून मुद्दाम सुट्टी काढून आली होतीस, माझा अर्ज भरायला. माझं आज जे काही आहे त्यातलं अर्धं तुझ्या त्या एका दिवसावर उभं आहे. हे मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. आपल्या घरात अशी बोलायची रीतच नव्हती.

ते कुठून सुरू झालं, यावर आपण किती वेळा बोललो. तू म्हणायचीस, बोटांपासून. बाटल्यांवर झाकणं बसवताना एक दिवस तुला कळेना की झाकण बोटांत आहे की नाही. बघितलं तर आहे, डोळे मिटले तर नाही. झाकणं वाकडी बसू लागली. तुझा सुपरवायझर हिंदी बोलायचा. त्यानं आधी विचारलं, "क्या जयाबाई, नींद नहीं हुई क्या?" मग एक दिवस काहीच विचारलं नाही, आणि दुसऱ्या बाईला तुझ्या जागी बसवलं. तू झाडूवर गेलीस. मग पाय जड झाले, मग झाडूही गेला. बोईसरच्या खोलीतलं सामान घेऊन तू घरी आलीस तेव्हा ट्रंक दामूनं उचलली होती आणि तू मागून भिंतीला हात लावत लावत येत होतीस. अंगणात भिंत संपली, तिथे तू थांबलीस. हवेत हात तसाच पुढे धरून. मी धावत येऊन तो हात धरला. तू झटकलास.

गावात बोलणं झालं, कारखान्यातला गॅस बाधला. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं काही सांगता येत नाही. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, मेंदूत पांढरे ठिपके दाखवले. म्हणाल्या, वायरीवर प्लास्टिक असतं तसं आपल्या नसांवर एक वेष्टन असतं, आणि या आजारात शरीर स्वतःच ते कुरतडतं. कधी थांबतं, कधी परत सुरू होतं. गरमीत सगळं वाढलेलं दिसतं, थंडीत कमी झाल्यासारखं वाटतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हनजे चोर घरातलाच हाय." त्या हसल्या. मी पण हसले. परत येताना वैतरणेच्या पुलावर गाडी थांबली होती, खाली खाडीचं पाणी ओसरत होतं, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कुरतडतं, हा शब्द डोक्यातून जाईना.

त्यानंतर घरातल्या आवाजांकडे माझे कान लागून राहिले. भांडं पडलं की मी जिथे असेन तिथे थांबायची. नुसतं भांडं पडलं की त्याच्यामागून तू, हे कळायला एक क्षण जायचा. तो क्षण मला अजून सोडत नाही. काल मांजरानं पातेलं पाडलं आणि मी तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले होते.

दाखला नाकारल्यावर अपील करता येतं, मुदत असते, हे मला माहीत होतं. मी रोज विषय काढायची, तू रोज टाळायचीस. "पुडल्या आठवड्यात बगू." "कशाला त्यांच्या दारात परत परत?" एकदा मी चिडून म्हटलं, "बाय, तुला घ्यायचंच नाही का?" तू सुकट निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तू काय मागायला सांगतेस ते तुला कळतं का? मी मरेपर्यंत बरी होनार नाय, असं लिवून द्या, हेच ना? ते मागायला मी पालगरला जाऊ?"

मी म्हटलं, कागदानं आजार वाढत नाही. तू म्हणालीस, "कागदानं कमीबी होत नाय. पन आत्ता एका तरी कागदावर मी बरी होतेय. राहू दे ना ग."

हे आपलं भांडण पुरं झालंच नाही. खाडीनं ते मध्येच तोडलं.

मार्च लागला होता आणि ऊन चढलं होतं. त्या दिवशी दुपारच्या ओहोटीला बाया शिंपल्या काढायला गेल्या होत्या. तू जायचं नाही असं घरात ठरलेलं होतं, पण तू कुणाला न सांगता टोपली घेऊन त्यांच्या मागून गेलीस. भरती लागायच्या आधी बाया परतल्या. हिला वाटलं तू तिच्याबरोबर, तिला वाटलं तू हिच्याबरोबर. मी अंगणवाडी बंद करून आले तर तुझी खोली उघडी आणि कोपऱ्यातली टोपली नाही. मी शेजारच्या शेवंताकाकूला हाक मारली आणि दोघी पळत सुटलो.

तिवरांच्या पलीकडे तू दिसलीस. चिखलात बसली होतीस. पाणी छातीपर्यंत आलं होतं. टोपली तुझ्यापासून दूर तरंगत चालली होती. तू हलत नव्हतीस, ओरडत नव्हतीस, एस.टी.त खिडकीशी बसावं तशी शांत बसून पाण्याकडे बघत होतीस. मी तुझ्यापर्यंत पोचले तेव्हा माझेही पाय गुडघ्यापर्यंत रुतले. तू म्हणालीस, "नंदा, पाय नाय ग उचलत. माजे हायत असंच वाटत नाय." आम्ही दोघींनी ओढलं, तू जागची हलली नाहीस. पाणी तुझ्या गळ्याला लागलं तेव्हा मी तुझी हनुवटी वर धरून उभी होते. शेवंताकाकू काठावर जाऊन बोंबलत होती. दामू होडी घेऊन आला. त्यानं आणि दुसऱ्या एका खलाशानं तुझ्या काखेत दोर घातला आणि जाळं ओढावं तसं तुला आत ओढलं. दामू रडत होता आणि शिव्या देत होता. तू त्याला म्हणालीस, "टोपली राहिली बग."

संध्याकाळी मी तुझ्या पायांवरचा चिखल धूत होते. विचारलं, "हाक का नाही मारलीस? बाया तिथंच होत्या. एक हाक पुरली असती." तू बोटांतला चिखल खरवडत राहिलीस. मग म्हणालीस, "हाक मारली असती तर समद्यांना कळलं असतं."

बाय, त्या उत्तराची मला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली. म्हणजे तू बसल्या बसल्या दोन्हींचा विचार केला होतास, आणि बुडणं तुला बरं वाटलं होतं.

सकाळी उठून तूच म्हणालीस, "कागद काड. काय लिवायचं ते लिव. मी आंगठा नाय, सही करनार."

अपील मी लिहिलं, तू सही केलीस. ती सही वेडीवाकडी आली आणि तू ती बघत राहिलीस. फेरतपासणीची तारीख मे महिन्यातली मिळाली. खिडकीवरचे क्लार्क म्हणाले, नवीन डॉक्टर बघतील, जुनी फाईल घेऊन या. मला बरं वाटलं होतं. मे म्हणजे उन्हाळा. यावेळी त्यांना खरं दिसेल.

पण पालघरला पोचलो तर तपासणीची खोली गार केलेली. बाहेरच्या बाकांवरही पंखे, खिडक्यांना ओले पडदे. तासभर बसल्यावर तुझ्या पायांत ताकद आली. तू उठून भिंतीपर्यंत जाऊन आलीस. माझ्याकडे बघितलंस. आपल्या दोघींना एकदमच कळलं की आजही तू चालणार, बोट नाकाला लावणार, मूठ घट्ट करणार.

मी म्हटलं, "बाय, आपण सांगू त्यांना. कागद आहेत, फिल्म आहे." तू म्हणालीस, "जे दिसतं तेच लिवतात ते." आणि पदर खोचून बाहेर निघालीस.

बाहेर मोकळं आवार होतं. सिमेंटचा कट्टा, त्यावर सावलीचा ठिपका नाही. तू तिथे जाऊन बसलीस. डोक्यावरचा पदरही खाली घेतलास. मी मागून आले, छत्री उघडली, तू छत्री बाजूला केलीस. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय ऊन टाळायचं, डोळ्यांवर येतं तुझ्या. तू म्हणालीस, "मी सोंग नाय करनार, नंदा. चालता येत असून लंगडनार नाय मी त्यांच्यापुडं. पन खरं हाय ते त्यांना बगू दे."

वॉचमन आला. "ओ मावशी, इथं कशाला बसलात? आत पंखा आहे." तू त्याला म्हणालीस, "मला हितंच बरं वाटतं." तुझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी तुझ्या शेजारी बसले, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. हळूहळू तुझे शब्द जड झाले. हात मांडीवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला, तू तो परत उचलला नाहीस. मी हात जोडले तुला, आठवतं? म्हटलं, पुरे झालं, चल आत. तू समोर बघत होतीस, पण कशाकडे ते मला कळत नव्हतं. म्हणालीस, "नाव पुकारू दे." मग थोड्या वेळानं, अगदी सहज, "तू कुठं हायस? उजव्या बाजूला का? दिसत नाय."

नाव पुकारलं तेव्हा वॉचमननं आणि मी तुला उचलून आत नेलं.

टेबलामागे वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी तुला खुर्चीत नीट बसवायला लावलं, पाणी दिलं. पाय उचला म्हणाल्या, उचलला नाही. बोट नाकाला लावा म्हणाल्या, ते गालावर गेलं. त्या म्हणाल्या, "असं कधी होतं?"

"ऊन लागलं की."

"मग उन्हात का बसलात? तुम्हांला माहीत आहे ना?"

तुझी जीभ वळत नव्हती, पण तू एकेक शब्द जमिनीवर ठेवावा तसा ठेवलास. "जानेवारीत तुमच्या मानसांनी मला थंडीत बगितलं, बाई. मी बाराही महिने जगते."

त्यांनी फाईल ओढली. फिल्म काढून उजेडाला धरली आणि कितीतरी वेळ ती बघत राहिल्या. मग लिहायला लागल्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "पुन्हा असं करू नका. आणखी एक कागद चालला असता." मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. चालला असता कुठला कागद? तो आम्हांला कुणी सांगितला होता?

अपील मंजूर झालं. पावसाच्या तोंडाला दाखला आला. चाळीसच्या कितीतरी वरचा आकडा होता. दामू पेढे घेऊन आला, शेवंताकाकू आली, ओटी माणसांनी भरली. तू मला म्हणालीस, शेवटची ओळ वाच. मी वाचली. कायमस्वरूपी. वाढत जाणारे. सुधारण्याची शक्यता नाही. तू म्हणालीस, परत वाच. मी परत वाचली. माणसं पेढे खात होती. तू पेढा हातात घेतलास, तो बोटांतून पडला, आणि दुसरा घेतला नाहीस. सगळे गेल्यावर म्हणालीस, "जिकलो म्हनजे काय झालं ग, नंदा?"

मी म्हटलं, आता खुर्ची येईल, बाय.

खुर्ची आली. पेन्शनही सुरू झाली. तुला मुंबईला न्यायला सोपं झालं, औषधं चुकली नाहीत, आणि त्यामुळे तू आमच्यात राहिलीस तेवढी राहिलीस, हे मी विसरत नाही. पण उजव्या डोळ्याचा उजेड त्या दिवसानंतर पूर्ण परत आला नाही. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना मी तुझ्या माघारी विचारलं. त्या म्हणाल्या, उन्हानं तेवढ्यापुरतं होतं, उतरतं. हा आजाराचा नवा झटका असणार, तो तसाही आला असता. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तरी दुपारी अंगणवाडीच्या पायरीचं सिमेंट तापलं की मी तुला त्या कट्ट्यावर बसलेली बघते, पदर खाली घेतलेली, आणि ते ऊन तुझ्या डोळ्याच्या आत काहीतरी कुरतडत असतं. तुला काय वाटत होतं? तू एकदाही म्हणाली नाहीस की त्या उन्हानं माझा डोळा नेला. मीही एकदाही म्हटलं नाही. एकाच घरात, एकाच चुलीपाशी, दीडेक वर्ष आपण दोघी त्या उन्हाला वळसा घालून चालत राहिलो.

त्यानंतरची तू मला नीट आठवायला नको वाटते, पण तीच जास्त आठवते. आधी हातातलं पडायचं, मग तोंडातलं. पाण्याचा घोट चुकीच्या वाटेनं जायचा आणि तू खोकत निळी पडायचीस. मी पाणी दाट करून, चमच्यानं पाजायला शिकले. तू चमचा तोंडात घेण्याआधी माझ्याकडे बघायचीस, त्या एका डोळ्यानं, जणू विचारायचीस, हा घोट बरोबर जाईल का? मला कुठे माहीत असायचं! मी मान हलवायची. तू गिळायचीस. रोज, प्रत्येक घोटाला.

आणि तरी तू हसवायचीस. दाखला फ्रेम करून भिंतीवर लाव म्हणालीस एकदा, "घरात शिकलेलं दुसरं कोन हाय, सर्टिफिकीट मिळालेलं?" दामू उठून बाहेर गेला. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "याला इनोद कळत नाय, हा आईवर गेला." माझी पावसाआधीची सगळी धावपळ, अंगणवाडीची वजनं, आहाराची पाकिटं, तू खुर्चीत बसून माझ्याकडून रोज ऐकून घ्यायचीस. कुणाचं पोर वाढत नाही, कुणाची आई गावाबाहेर कामाला गेली. तू म्हणायचीस, "त्या पोरीच्या घरी जा, नंदा. तिला मागता येत नसंल. समद्यांनाच मागता येतं असं नाय." मी जायची. तू सांगितलंस म्हणून त्या पोरीचं वजन भरलं, हे तुला सांगितलं होतं का मी? सांगितलं असेन. आता खात्री राहिली नाही.

छातीत कफ भरला तो या थंडीत. ज्या थंडीत तू बरी असायचीस तीच. मला वाटलं होतं, मे महिना सांभाळला की झालं. मी उन्हावर पहारा ठेवून बसले होते. पालघरला पोचेपर्यंत तू माझ्या मांडीवर होतीस, श्वास भांड्यातल्या शेवटच्या पाण्यासारखा वाजत होता, आणि तू काहीतरी म्हणत होतीस. मी कान लावला. "हाक…" एवढंच मला कळलं. हाक मार म्हणत होतीस की मारू नको म्हणत होतीस, बाय? कुणाला? मी दामूला हाक मारली. ते बरोबर होतं का?

माझ्या बाजूनं एवढंच म्हणायचं होतं. मी तुला चाळीस टक्क्यांच्या वर नेलं याचा मला अभिमान आहे आणि मला ते नको होतं. तू दोन्ही जाणत होतीस, म्हणून तर तू मला कधी बोल लावला नाहीस. मला तो लावून हवा होता. एकदा तरी भांडून घ्यायला हवं होतं आपण, मोठ्यानं, ओटीवर उभं राहून, गावाला ऐकू जाईल असं.

मी हे लिहायला का बसले ते सांगते. परवा दुपारी तालुक्याहून फोन आला. मुलीचा आवाज होता, गोड, शिकाऊ असावी. तिनं तुझं पूर्ण नाव वाचलं, तुझ्या बापाच्या नावासकट, आणि म्हणाली, लाभार्थीची हयातीची पडताळणी बाकी आहे. लाभार्थी जिवंत असल्याचं प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढची पेन्शन निघणार नाही.

दामू दारात जाळं विणत बसला होता. त्याचे हात थांबले. तो माझ्याकडे बघत होता.

मला 'गेली' एवढा एकच शब्द बोलायचा होता, तो येईना. इतकी वर्षं तुझ्या वतीनं मी प्रत्येक खिडकीवर उत्तर दिलं होतं.

"हॅलो, ताई? त्या ऑफिसपर्यंत चालत येऊ शकतात का?"

"नाही," मी म्हटलं. "चालत नाही येऊ शकत."

"काही हरकत नाही. मग आमचा माणूस घरी येईल बघायला, शुक्रवारी. तोपर्यंत त्यांना कुठं नेऊ नका हं. घरीच ठेवा."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. दामूनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

उद्या शुक्रवार आहे, बाय.